कारखान्यासाठी स्थळ पाहणे आहे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा ज्यांचा डेटा महिनाअखेरीला संपलाय, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. रेकॉर्डिंगमध्ये जिथे अडखळले ते काढून टाकलंय, बाकी बरंचसं तसंच आहे.

आजचा शब्द आहे 'स्थळ'. मराठीत हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी चालतो. एक म्हणजे जागा. दुसरं म्हणजे मावशी फोन करून सांगते ते, "अगं, एक चांगलं स्थळ आलंय." मला ही गंमत फार उशिरा लक्षात आली, कारण परदेशात कारखाना टाकायचा तर जागा कशी निवडतात याबद्दल मी वाचत होते आणि वाचता वाचता वाटलं, अरे, हे तर सगळं कांदेपोह्यांचंच गणित आहे!

पत्रिका जुळवताना काय करतात आठवा. आठ निकष. वर्णाला १ गुण, वश्याला २, ताऱ्याला ३, असं चढत चढत नाडीला ८. एकूण ३६. अठराच्या वर आले तर पुढे बोलणी. पत्रिकेवर माझा विश्वास आहे की नाही हे बाजूला ठेवा (नाहीये, आणि आईला ते माहीत आहे), पण त्याचा सांगाडा बघा. ठरलेले निकष, प्रत्येक निकषाला वेगळं वजन, प्रत्येक पर्यायाला गुण, मग बेरीज. ऑपरेशन्स रिसर्चच्या पुस्तकात याला बहुनिकष निर्णयपद्धती म्हणतात. आणि पत्रिकेत अजून एक खाच आहे. दोघांची नाडी एक निघाली तर त्या रकान्यात शून्य. बाकी सगळं पूर्ण जुळून २८ गुण झाले तरी जुन्या वळणाची माणसं म्हणतात, नको. म्हणजे बेरीज उत्तम, पण एका रकान्याला नकाराधिकार. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आजची गोष्ट १९९६ सालची आहे. इंटेल कंपनी आपल्या नव्या कारखान्यासाठी जगभर स्थळं बघत होती आणि शेवटी तिनं अशा देशाला होकार दिला, ज्याचं नाव आपल्यापैकी बहुतेकांनी फुटबॉल वर्ल्ड कपमुळे ऐकलेलं असतं. कोस्टा रिका.

पण त्याआधी पद्धतीचा थोडा इतिहास, कारण तोही मजेशीर आहे.

१७७२ साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली नावाचे एक धर्मगुरू होते. हो, तेच, शाळेत ऑक्सिजनच्या धड्यात भेटलेले. लॉर्ड शेलबर्न या बड्या उमरावानं त्यांना नोकरी देऊ केली. जावं की लीड्समध्येच राहावं? त्यांनी लंडनमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनला विचारलं. फ्रँकलिननं उत्तर दिलं, काय करावं हे मी सांगू शकत नाही, कसं ठरवावं ते सांगतो. कागदाच्या मधोमध रेघ मारा. एका बाजूला 'जावं' याची कारणं, दुसऱ्या बाजूला 'जाऊ नये' याची. तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत राहा. मग दोन्हीकडची सारख्या वजनाची कारणं एकमेकांसमोर खोडत जा. इकडचं एक तिकडच्या दोनांएवढं असेल तर तीनही खोडा. शेवटी उरेल तो कौल. या प्रकाराला त्यानं बीजगणिताचं नाव दिलं होतं. प्रीस्टलींनी पुढच्या वर्षी नोकरी घेतली.

यानंतरची मोठी उडी थेट विसाव्या शतकात. थॉमस सॅटी हे गणितज्ञ, जन्म १९२६, इराकमधल्या मोसुलचा. १९६०च्या दशकात ते अमेरिकी सरकारच्या शस्त्रनियंत्रण संस्थेत होते. हाताशी नामवंत अर्थतज्ज्ञ, गेम थिअरीवाले, आणि वाटाघाटी करायला वकील. पण एकाचं दुसऱ्याला कळेना, आणि कशाला किती महत्त्व द्यायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायची सोपी रीतच नव्हती. त्या अनुभवातून पुढे १९७०च्या दशकात त्यांनी एएचपी नावाची पद्धत मांडली. कल्पना अशी की माणसाला 'विजेचं महत्त्व शंभरात किती' असं विचारलं तर तो गांगरतो, पण 'वीज आणि विमानसेवा यात जास्त महत्त्वाचं काय, आणि कितीपट' असं विचारलं तर सांगू शकतो. एक ते नऊच्या पट्टीवर अशा दोन-दोनच्या जोड्या लावायच्या आणि त्यातून वजनं काढायची. शिवाय तुमच्या उत्तरांमध्ये विसंगती किती हेही ती पद्धत मोजते. अ हे बच्या दुप्पट, ब हे कच्या तिप्पट, मग अ हे कच्या साधारण सहापट यायला हवं ना. फार फरक पडला तर पद्धत सांगते, परत विचार करा.

त्याच काळात फ्रान्समध्ये बर्नार रॉय यांना बेरजेचाच राग होता. त्यांचं म्हणणं, एका निकषात तुम्ही कितीही हुशार असा, दुसऱ्यातला भयंकर दोष त्यानं भरून निघतोच असं नाही. त्यांच्या इलेक्ट्र या पद्धतीत काही निकषांना नकाराधिकार देता येतो. म्हणजे एकनाड! पॅरिसच्या माणसानं आणि आपल्या गुरुजींनी वेगवेगळ्या वाटेनं एकच गोष्ट पकडली.

आता इंटेल.

चिपचा कारखाना म्हटलं की डोळ्यासमोर पांढरे सूट घातलेली माणसं येतात. पण चिप तयार होते दोन टप्प्यांत. सिलिकॉनच्या चकतीवर सर्किट उमटवणं हा अतिमहागडा टप्पा. त्यानंतर चकती कापून प्रत्येक तुकडा पॅकेजमध्ये बसवणं आणि तपासणं हा दुसरा. हा दुसरा टप्पा इंटेलनं फार लवकर परदेशात नेला. १९७२ साली मलेशियातल्या पेनांगमध्ये त्यांचा अमेरिकेबाहेरचा पहिला कारखाना सुरू झाला. १९७५ साली तो आगीत जळाला. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत हे इंटेलला आपल्यापेक्षा जरा जास्त महागात कळलं. फिलिपिन्सही आला. १९९०च्या दशकात मागणी वाढत होती, आशियात बरंच काही आधीच होतं, त्यामुळे नवा कारखाना वेगळ्या भागात असणं हाच एक निकष झाला.

अशा कारखान्याला काय लागतं? जुन्या काळच्या पोलादाच्या कारखान्यासारखं नाही. आल्फ्रेड वेबर नावाच्या जर्मन अभ्यासकानं १९०९ मध्ये कारखान्याच्या जागेचा जो सिद्धांत मांडला, त्यात वाहतुकीचा खर्च आणि कच्च्या मालाचं वजन केंद्रस्थानी होतं. चिपचं वजन किती? काहीच नाही. आणि किंमत भरमसाठ. म्हणून तो माल बोटीनं नाही, विमानानं जातो. मग बंदर आणि खाण गौण ठरतात. विमानांच्या फेऱ्या, न जाणारी वीज, शिकलेले तंत्रज्ञ, कामगार कायदे, कर, आणि सरकारी कागद किती दिवसांत हलतो हे महत्त्वाचं ठरतं.

यादीत ब्राझील होता, मेक्सिको होता, चिली होता, आशियातले थायलंड, इंडोनेशिया होते. कोस्टा रिकाला कोणी धरतही नव्हतं. लोकसंख्या तेव्हा साधारण ३५ लाख, म्हणजे पुणे शहराच्या आसपास. निर्यात म्हणजे कॉफी आणि केळी. इंटेलची १९९६ सालची विक्री २० अब्ज डॉलरच्या वर होती आणि या अख्ख्या देशाची अर्थव्यवस्था त्याहून लहान. पोहण्याच्या तलावात देवमासा सोडण्याची उपमा तेव्हा वापरली गेली, आणि ती चुकीची नव्हती.

मग नाव यादीत आलं कसं? सिंदे नावाची त्या देशाची गुंतवणूक आणणारी एक छोटी संस्था इंटेलच्या मागे लागली होती. मला हा भाग सगळ्यात आवडतो. आपण तक्त्यात गुण भरतो तेव्हा पर्याय आधीच ठरलेले असतात असं धरतो. सॅटींचं गणित वापरा नाहीतर रॉय यांचं, जे नाव यादीत नाही त्याला गुण मिळणार कुठून? स्थळ सुचवायला कोणीतरी मावशी लागते.

शेवटी चार नावं उरली. ब्राझील, चिली, मेक्सिको, कोस्टा रिका. इंटेलच्या टीमनं एएचपीच वापरली असा माझा दावा नाही. पण लांब यादी, गाळणी, निकष, प्रत्यक्ष भेटी, पुन्हा गाळणी हा साचा तोच होता.

मेक्सिकोचं प्रकरण बघा. मोठा देश, अमेरिकेला लागून, इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आधीपासून. अडचण कामगार संघटनांच्या नियमांची होती. इंटेल आपल्या कारखान्यांत युनियन नको म्हणणारी कंपनी. (हे योग्य की अयोग्य, यावर एक वेगळा भाग करावा लागेल.) मेक्सिकोकडून तयारी दिसली की तुमच्यापुरता अपवाद करू. कोणालाही वाटेल, झालं की काम! पण इंटेलला तिथेच शंका आली. आज खास आपल्यासाठी वाकवलेला नियम उद्या दुसरं कोणी आलं की परत सरळ होऊ शकतो. एकाच कारणानं मेक्सिको गळला असं नाही, पण 'तुमच्यासाठी काहीही' हे वाक्य गुण वाढवण्याऐवजी कमी करून गेलं. चिली लांब पडत होता आणि बाहेरून येणाऱ्या पैशावर तिथे बंधनं होती. ब्राझीलमध्ये बाजारपेठ प्रचंड, पण करांचा पसारा.

आणि कोस्टा रिकानं काय केलं? खास इंटेलसाठी रोख पैसे वगैरे नाही. मुक्त क्षेत्राचा कायदा आधीच होता, सगळ्या कंपन्यांना लागू. आठ वर्षं आयकर पूर्ण माफ, पुढची चार वर्षं निम्मा. बाकी मात्र त्यांनी एक एक रकाना हातात घेतला. वीज महाग पडतेय? मोठ्या ग्राहकांसाठी वेगळा दर. विमानांच्या फेऱ्या कमी? परदेशी कंपन्यांना आणखी परवानग्या देण्याची तयारी. तंत्रज्ञ कमी पडतील? देशातल्या तंत्रज्ञान संस्थेला आणि तांत्रिक शाळांना सोबत घेऊन इंटेलला हवेत तसे अभ्यासक्रम. राष्ट्राध्यक्ष होसे मारिया फिगेरेस स्वतः इंटेलच्या माणसांबरोबर हेलिकॉप्टरमधून जागा बघत फिरले. आपल्याकडे एखाद्या एमआयडीसीतल्या प्लॉटसाठी मुख्यमंत्री असे फिरतील का, तुम्हीच सांगा.

काही गुण मात्र हेलिकॉप्टरनं मिळवता येत नाहीत. साक्षरता ९० टक्क्यांच्या वर होती. त्या देशानं १९४८ साली लष्कर बरखास्त केलं, आणि ते करणारे नेते म्हणजे याच राष्ट्राध्यक्षांचे वडील. शिक्षणावर खर्च करायची सवय तिथे पिढ्यांची होती. १९९६ मध्ये गुंतवणूकदारासमोर मांडलेल्या रकान्यातले काही गुण जवळजवळ पन्नास वर्षं आधी कमावलेले होते.

नोव्हेंबर १९९६ मध्ये इंटेलनं होकार जाहीर केला. ३० कोटी डॉलरचा कारखाना, राजधानी सान होसेजवळ, बेलेन भागात. १९९८ मध्ये काम सुरू झालं. १९९९ पर्यंत देशाच्या एकूण निर्यातीत एक तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या इंटेलचा होता. केळी मागे पडली.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायचीय. रेकॉर्डिंगमध्ये सांगू की नको असं झालं होतं, पण सांगितली.

मागे आमच्या कंपनीत एक काम कुठल्या शहरात ठेवायचं हे ठरवायचं होतं. परदेशातल्या मुख्य ऑफिसच्या दृष्टीनं आपण सगळेच 'ओव्हरसीज लोकेशन'. यादीत तीन शहरं, त्यातलं एक पुणं. गुण भरून आले होते, तक्त्याचा कोड लिहायचं काम माझ्याकडे. पुणं पहिलं येत होतं, थोडक्यात. मग मेल आला, अजून एक भारतीय शहर टाका. टाकलं. त्याचे गुण जवळपास पुण्यासारखेच. परत चालवलं, तर पूर्व युरोपातलं शहर पहिलं! मी म्हटलं असेल काहीतरी, आणि पाठवून दिलं. आमच्या मजल्यावरच्या अकरा जणांचं काम तिकडे गेलं.

काय झालं होतं ते आकड्यांत सांगते, साधे आकडे घेऊन. तीन निकष, तिन्हींना सारखं वजन. इंजिनिअर, वीज, विमानसेवा. अ देशाला २, ८, ६. ब देशाला ८, २, ७. क देशाला सगळीकडे २. आता प्रत्येक रकान्याची बेरीज करून तिनं प्रत्येकाला भागायचं, म्हणजे सगळे एकाच पट्टीवर येतात. मी तेच केलं होतं. उत्तर येतं, ब ०.४३, अ ०.४१. ब जिंकला.

आता बची हुबेहूब नक्कल असलेला चौथा देश टाका. ८, २, ७. अ, ब, क यांच्या गुणांना हातही लावायचा नाही. परत चालवा. अ ०.३१, ब ०.२९. अ जिंकला! इंजिनिअरच्या रकान्यात बचा वाटा त्याच्याच जुळ्यानं खाल्ला, तिथली बेरीज १२ वरून २० झाली. विजेच्या रकान्यात, जिथे अ दादा होता, बेरीज १२ ची जेमतेम १४ झाली. निवडणुकीत एकाच समाजाचे दोन उमेदवार उभे राहिले की मतं फुटतात आणि तिसराच निवडून येतो, तसं.

हे मी शोधलेलं नाही. बेल्टन आणि गिअर या दोघांनी १९८३ मध्येच एएचपीतला हा दोष दाखवला होता आणि त्यावरून अनेक वर्षं भांडणं झाली. सॅटींच्या बाजूचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. एखादी गोष्ट दुर्मीळ असते तेव्हा तिची किंमत जास्त, तिच्यासारखीच दुसरी आली की किंमत घटते, हे खऱ्या जगातही होतं. पुढे एक पर्यायी रीत आली. रकान्याच्या बेरजेनं भागायचं नाही, रकान्यातल्या सगळ्यात मोठ्या गुणानं भागायचं. वरच्या उदाहरणात ते केलं तर जुळं आलं तरी बच पहिला राहतो.

एका रविवारी मी आमचा जुना तक्ता काढला आणि त्या दुसऱ्या रीतीनं चालवला. चारही शहरं ठेवून. पुणं पहिलं आलं.

चौथं शहर कोणी मुद्दाम टाकलं असं मी म्हणत नाही. बहुधा नसेलच. आणि नुसत्या त्या तक्त्यावरच निर्णय झाला असंही नाही, मीटिंगमध्ये आणखी दहा गोष्टी बोलल्या गेल्या असतील. पण तक्ता माझा होता आणि भागाकार मी निवडला होता, तोही न विचारता, कारण लायब्ररीत तेच डिफॉल्ट होतं. त्या अकरांपैकी एकीला मी हे परवा सांगितलं. ती आता दुसरीकडे चांगल्या पगारावर आहे. ती हसली आणि म्हणाली, "अगं, वेडी आहेस का!" पण मग थोडा वेळ दोघीही गप्प होतो.

कोस्टा रिकाकडे परत जाऊ.

आठ एप्रिल २०१४. दोनच दिवसांपूर्वी तिथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झालेली, नवा माणूस निवडून आलेला. इंटेलनं जाहीर केलं, जोडणी आणि तपासणीचं काम इथून बंद, ते आशियात जाणार. सुमारे १,५०० नोकऱ्या. कोस्टा रिकानं या काळात फार वाईट काही केलं होतं का? नाही. शाळा होत्या, वीज होती, विमानं होती. पण रकान्यांची वजनं बदलली होती. मधल्या काळात इंटेलनं व्हिएतनामच्या हो ची मिन्ह शहरात एक अब्ज डॉलरचा कारखाना उभा केला होता, २०१० मध्ये तो सुरू झाला. डेस्कटॉप कॉम्प्युटरचा बाजार बसत चालला होता. वेगवेगळ्या भागांत अंडी ठेवायच्या निकषाचं वजन घटलं, आणि 'मोठ्या कारखान्याच्या शेजारी असणं' याचं वाढलं.

सगळं गेलं नाही मात्र. डिझाइन आणि टेस्टिंग करणारे इंजिनिअर, शिवाय कंपनीची इतर ऑफिसची कामं तिथेच राहिली, आणि तो गट नंतर वाढला. जे अभ्यासक्रम १९९७-९८ मध्ये एका कारखान्यासाठी घडवले होते, त्यांतून तयार झालेली माणसं इंटेलपुरती राहिली नाहीत. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या परदेशी कंपन्या तिथे आल्या आणि आज त्या देशाच्या निर्यातीत तीच उपकरणं सगळ्यात वर आहेत.

मग आला कोविड. जगभर चिपचा तुटवडा, सगळं आशियात एकवटल्याची भीती, आणि 'वेगळ्या भागात असणं' हा जुना निकष पुन्हा जड झाला. डिसेंबर २०२० मध्ये इंटेलनं सांगितलं, आम्ही जोडणी-तपासणी परत कोस्टा रिकात सुरू करतोय, ३५ कोटी डॉलर घालतोय. पुढच्या वर्षी तो आकडा ६० कोटी केला. त्याच बेलेनमध्ये.

आणि जुलै २०२५ मध्ये इंटेल तोट्यात, खर्च कापायचे होते, तेव्हा कंपनीनं जाहीर केलं की कोस्टा रिकातलं जोडणी-तपासणीचं काम व्हिएतनाम आणि मलेशियातल्या मोठ्या कारखान्यांत हलवणार. इंजिनिअरिंग याही वेळी तिथेच राहणार. मलेशियातला इंटेलचा मोठा पसारा आजही पेनांगभोवतीच आहे, १९७२ साली जिथे सुरुवात झाली होती तिथेच.

तर हा होता आजचा भाग. वरच्या अ, ब, कचे आकडे घेऊन तुमच्या फोनवरच्या शीटमध्ये स्वतः करून बघा, दहा मिनिटं लागतात. काही चुकलं असेल तर कळवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला दुरुस्ती सांगेन. भेटू.